व्यावसायिक इमारतींतील वातानुकूलन आणि बिनतारी संवेदक जाल : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
व्यावसायिक इमारतींत वातानुकूलनावर होणारा ऊर्जेचा खर्च बिनतारी संवेदक जालाच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर कमी करता येतो, असे प्रतिपादन गेल्या दोन दशकांतील संशोधनात सातत्याने आढळते. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची चिकित्सा करण्यात आली आहे. बचतीचे आकडे कोणत्या पद्धतीने काढले गेले, हाती आलेल्या माहितीवर कृती करण्याची क्षमता यंत्रणेत असते काय, संवेदकाचे मापन कितपत भरवशाचे असते आणि ज्याच्या सुखासाठी हा खटाटोप आहे त्या माणसाचे या व्यवस्थेतील स्थान कोणते, या चार प्रश्नांच्या आधारे ही चर्चा केली आहे.

बीजशब्द : बिनतारी संवेदक जाल, वातानुकूलन, ऊर्जा बचत, औष्णिक सुखावहता, पाळत.

१. प्रस्तावना :
सन १८८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयातील प्राध्यापक वॉरेन जॉन्सन यांना एका विद्युत उपकरणाचे पेटंट मिळाले. वर्गखोल्यांत पुरेशी ऊब आहे की नाही हे पाहण्यासाठी भट्टी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला वारंवार वर्गात यावे लागे व अध्यापनात व्यत्यय येई. जॉन्सन यांच्या उपकरणामुळे खोलीचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की भट्टीच्या खोलीत सूचना मिळू लागली. पुढे १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकी येथे स्वतःची कंपनी स्थापन केली आणि इमारतींच्या स्वयंचलित तापमाननियंत्रणाच्या उद्योगाला आकार आला.

या छोट्याशा घटनेत आजच्या प्रश्नाचे बीज आहे. सूचना देणे हे एक काम होते आणि ती ऐकून भट्टीची झडप फिरवणे हे दुसरे. सूचनेने माहितीचा प्रश्न सुटला, कृतीचा प्रश्न मात्र कर्मचाऱ्याच्या हातात व भट्टीच्या ताकदीत शिल्लक राहिला. बिनतारी संवेदक जालाविषयीचे बरेचसे लेखन वाचताना या दोन कामांतील भेद पुसला गेल्याचे जाणवते. माहिती वाढली की बचत आपोआप होईल, असे गृहीत धरूनच पुष्कळदा मांडणी केली जाते.

भारतासाठी हा विषय केवळ तंत्रविद्येच्या कुतूहलाचा नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात देशाची एकूण शीतकरणाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे ८ पट होईल, असा अंदाज मांडला आहे. आणि त्याच कालावधीत शीतकरणासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्टही ठेवले आहे. या उद्दिष्टासाठी शासकीय कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये आणि खासगी कंपन्या यांचा पैसा कोठे खर्च व्हावा, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून 'स्मार्ट' या विशेषणासह येणाऱ्या प्रत्येक उपायाची तपासणी आवश्यक ठरते.

२. संकल्पना व तांत्रिक पार्श्वभूमी :
तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण किंवा माणसाची उपस्थिती यांची नोंद घेणारी व ती नोंद तारेविना पुढे पाठविणारी, बॅटरीवर चालणारी छोटी उपकरणे एकमेकांशी जोडली गेली की बिनतारी संवेदक जाल तयार होते. व्यवहारात यालाच 'वायरलेस सेन्सर नेटवर्क' म्हटले जाते. गेल्या शतकाच्या अखेरीस बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांच्या 'स्मार्ट डस्ट' प्रकल्पाने या कल्पनेला चालना दिली. २००३ मध्ये आयईईई ८०२.१५.४ हे मानक प्रसिद्ध झाले व त्याच्या पायावर 'झिगबी' ही संदेशवहन पद्धती विकसित झाली. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाल्याने अशा साधनांचा मार्ग येथेही मोकळा झाला.

या तंत्राचे खरे आकर्षण जुन्या इमारतींत आहे. बांधून झालेल्या इमारतीत नवा संवेदक बसवायचा तर फॉल्स सीलिंग उघडणे, भिंत फोडणे, नळीतून तार ओढणे आणि पुन्हा रंगकाम करणे एवढा व्याप करावा लागतो. पुष्कळदा संवेदकाच्या किमतीपेक्षा तारेचा खर्चच अधिक होतो. तार गेली की हा अडथळा दूर होतो. हे श्रेय या तंत्राला निःसंकोचपणे दिले पाहिजे. पुढील चिकित्सा या श्रेयाविरुद्ध नसून त्याच्या पलीकडे जाऊन केल्या जाणाऱ्या दाव्यांविषयी आहे.

३. बचतीच्या आकड्यांची चिकित्सा :
या विषयावरील वारंवार उद्धृत होणारे दोन अभ्यास एकाच वर्षी व एकाच परिषदेत सादर झाले. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला अभ्यास सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील युवराज अगरवाल व त्यांच्या सहकाऱ्यांचा (२०११). त्यांनी विद्यापीठाच्या एका चार मजली इमारतीच्या एका संपूर्ण मजल्यावर उपस्थिती ओळखणारे संवेदक बसविले, त्यांची जोडणी इमारतीच्या ऊर्जा-व्यवस्थापन यंत्रणेशी केली आणि रिकाम्या खोल्यांचे वातानुकूलन बंद करण्याची व्यवस्था केली. केवळ एका मजल्याच्या नियंत्रणातून वातानुकूलन यंत्रणेच्या विजेत ९.५४ ते १५.७३ टक्के आणि औष्णिक ऊर्जेत ७.५९ ते १२.८५ टक्के बचत झाल्याची नोंद त्यांनी केली. ही बचत प्रत्यक्ष मोजलेली आहे, हे या अभ्यासाचे बलस्थान होय.

दुसरा अभ्यास मर्सेड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हॅरिक एरिक्सन व सहकाऱ्यांचा (२०११). त्यांनी बिनतारी कॅमेऱ्यांच्या जालाने लोकांच्या हालचालींची माहिती गोळा केली, तिच्यावरून उपस्थितीचे संभाव्यतेवर आधारलेले प्रारूप तयार केले आणि संगणकीय अनुकरणाद्वारे वर्षाला ४२ टक्के ऊर्जा वाचू शकते, असे दाखविले. याच गटाच्या २००९ मधील अभ्यासात हा आकडा १४ टक्के होता.

संशोधन-प्रस्तावांत, विक्रीच्या माहितीपत्रकांत आणि परिसंवादांतील भाषणांत यांपैकी कोणता आकडा पुढे येतो, हे सांगण्याची गरज नाही. वस्तुतः ४२ टक्के आणि १५ टक्के हे एकाच मापाचे आकडे नाहीत. एक संगणकातील इमारतीचा आहे; तेथे डँपर कधी अडकत नाही, गाळणीत धूळ साचत नाही आणि कोणी खिडकी उघडी टाकून जात नाही. दुसरा प्रत्यक्षातील इमारतीचा आहे. अनुकरण हे संशोधनाचे मान्य साधन आहे व संबंधित संशोधकांनी आपली पद्धती लपविलेली नाही. दोष आहे तो आकडा त्याच्या पद्धतीपासून तोडून वापरण्याच्या सवयीत.

दुसरा मुद्दा तुलनेच्या आधाराचा आहे. बचत ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. इमारतीचे वातानुकूलन पूर्वी ठरावीक वेळापत्रकाने, माणसे असोत वा नसोत, चालत असेल तर उपस्थितीनुसार केलेले कोणतेही नियंत्रण उठून दिसते. अशा बचतीचा काही भाग नव्या तंत्राच्या गुणाचा असतो व काही भाग जुन्या वेळापत्रकाच्या ढिलाईचा. ती ढिलाई एखाद्या जागरूक कर्मचाऱ्याने वेळापत्रक सुधारूनही काही अंशी दूर झाली असती. म्हणून संवेदक जालाची तुलना दुर्लक्षित इमारतीशी न करता, साधने तीच ठेवून नीट चालविलेल्या इमारतीशी केली जाणे न्याय्य ठरेल. अशी तुलना क्वचितच आढळते.

न्याय्य तुलनेचा एक आदर्श भारतातच उपलब्ध आहे. हैदराबादजवळील पोचारम येथे इन्फोसिसच्या आवारात २०११ मध्ये बांधलेल्या इमारतीचे दोन समान भाग करण्यात आले. एका भागात हवेच्या प्रवाहावर चालणारी प्रचलित पण उत्तम दर्जाची वातानुकूलन यंत्रणा बसविली गेली, तर दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये बसविलेल्या नळ्यांतून थंड पाणी खेळविण्याची पद्धत अवलंबिली गेली. इमारत एक, हवामान एक, कामाचे स्वरूपही एकच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाण्यावर आधारलेल्या भागाने वातानुकूलनासाठी ३४ टक्के कमी ऊर्जा वापरली. या प्रयोगात बचत यंत्रणेच्या रचनेतून झाली. मोजमापाने ती सिद्ध केली. संवेदकाची जागा येथे बचत करणाऱ्याची नसून साक्षीदाराची आहे, आणि ती जागा कमी महत्त्वाची नाही.

४. माहिती आणि कृती यांतील अंतर :
मोठ्या कार्यालयीन इमारतीत हवा थंड करून डक्टद्वारे निरनिराळ्या विभागांत सोडली जाते. प्रत्येक विभागाच्या तोंडाशी असलेला डँपर कमी-अधिक उघडून हवेचे प्रमाण बदलले जाते. तंत्रज्ञ या रचनेला 'व्हीएव्ही' म्हणतात. एका डँपरखाली पुष्कळदा चार-पाच खोल्या येतात. त्या खोल्यांत पाच संवेदक बसवून पाच वेगवेगळी तापमाने कळली तरी डँपर एकच असतो. तो एका खोलीचे ऐकेल किंवा सर्वांची सरासरी काढून कोणाचेच ऐकणार नाही. पाहण्याची बारकाई वाढली आणि करण्याची बारकाई तेवढीच राहिली, तर जादा माहिती संगणकाच्या पडद्यावरील रंगीत आलेखापुरती उरते.

याउलट, एकही नवा संवेदक न बसविता मोठी सुधारणा झाल्याचे उदाहरण कॅलिफोर्नियात सापडते. तेथील कार्यालयांत उन्हाळ्यातही थंडी वाजते अशी कर्मचाऱ्यांची तक्रार असे. बर्कले येथील एडवर्ड एरेन्स व सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा दोष एका नेमणुकीत सापडला. डँपर कितीही मिटला तरी कमाल प्रवाहाच्या सुमारे ३० टक्के हवा आत सोडलीच पाहिजे, असे बंधन नियंत्रकात घातलेले होते. खोलीत उष्णता कमी असली की एवढी थंड हवाही जास्त होई आणि मग तीच हवा पुन्हा तापवावी लागे. म्हणजे आधी थंड करण्यासाठी वीज आणि नंतर गरम करण्यासाठी इंधन, असा दुहेरी खर्च. ही किमान मर्यादा खाली आणल्यावर थंडीची तक्रार लक्षणीयरीत्या घटली आणि ऊर्जाही वाचली.

हे उदाहरण प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. त्या इमारतींत थर्मोस्टॅट होते, माहिती होती आणि माणसे तोंडाने तक्रारही करीत होती. उणीव होती ती नियंत्रकात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एका आकड्याकडे पाहण्याची. अशा इमारतीत आणखी शंभर संवेदक बसविले असते तर ती थंडी अधिक अचूकपणे नोंदविली गेली असती, इतकेच.

कृतीची क्षमता जेथे आहे तेथे मात्र संवेदकाची माहिती सोन्यासारखी ठरते. पंख्याला लागणारी वीज ढोबळमानाने त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. प्रवाह ८० टक्क्यांवर आणता आला तर विजेची गरज सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ५१ टक्क्यांवर येते. परंतु त्यासाठी पंख्याला वेग बदलणारी यंत्रणा जोडलेली असावी लागते. ती नसेल तर रिकाम्या सभागृहाची बातमी पंख्यापर्यंत पोहोचूनही पंखा त्याच वेगाने फिरत राहतो. म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात-पाय, मग डोळे.

५. संवेदकाची विश्वासार्हता :
संवेदकाने दिलेला आकडा खरा मानण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली तरी ती धोक्याची आहे. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील विल्यम फिस्क व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३४ व्यावसायिक इमारतींमधील २०८ कार्बन डायऑक्साइड संवेदकांची तपासणी केली. हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ७६० भाग असताना ४७ टक्के संवेदकांची चूक ७५ भागांहून अधिक होती. याच संवेदकांच्या भरवशावर बाहेरची ताजी हवा किती घ्यायची हे ठरविले जाते. संवेदकाने वायू कमी दाखविला तर माणसे कोंदट हवेत बसतात. जास्त दाखविला तर अनावश्यक हवा थंड करण्यात वीज जाते. दोन्ही स्थितींत पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते.

उपस्थिती ओळखणाऱ्या संवेदकांची मर्यादा वेगळी आहे. छतावरील अवरक्त संवेदक माणूस ओळखत नाही, हालचाल ओळखतो. स्तब्ध बसून उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक त्याच्या लेखी अनुपस्थित असतो. अगरवाल व सहकाऱ्यांनी यावर दाराच्या उघडझापीची नोंद घेणारा चुंबकीय संवेदक जोडून उपाय शोधला. परंतु हा उपाय एका व्यक्तीच्या, दार असलेल्या खोलीत चालतो. आजच्या मोकळ्या दालनांच्या कार्यालयांत दारच नसते.

देखभालीचा प्रश्न तर लेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहतो. तार टाळली की बॅटरी येते. हजार संवेदकांच्या इमारतीत प्रत्येक बॅटरी पाच वर्षे टिकली तरी वर्षाला सरासरी दोनशे, म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ चार बॅटऱ्या शिडी लावून बदलाव्या लागतात. प्रकाश, तापमानातील फरक किंवा बटण दाबण्याची यांत्रिक ऊर्जा यांवर चालणारी बॅटरीविरहित उपकरणे उपलब्ध आहेत, पण ती सर्व प्रकारच्या मापनासाठी पुरी पडत नाहीत. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात झिगबीच्या १६ वाहिन्यांपैकी बहुतेकांवर वाय-फायचा गलबला असतो. आरसीसी भिंती, लिफ्टचे लोखंडी कप्पे आणि पत्र्याचे डक्ट संदेश अडवितात. जालातील संदेश पुढे सरकविणारी उपकरणे बहुधा मुख्य विजेवर चालतात. त्यामुळे वीज गेली की बॅटरीवरचे संवेदक जागे राहतात, पण त्यांचे ऐकणारे कोणी नसते. यांपैकी एकही अडचण दुर्लंघ्य नाही. मात्र प्रत्येकीसाठी प्रशिक्षित माणूस लागतो, आणि त्याचा पगार बचतीच्या हिशेबात क्वचितच धरलेला असतो.

६. सुखावह तापमान कोणाचे? :
संवेदक तापमान सांगतो, पण कोणते तापमान योग्य हे सांगत नाही. ते आधीच ठरलेले असते. या ठरविण्यामागे डेन्मार्कचे ओले फँगर यांचे १९७० मधील प्रारूप आहे. हवेचे तापमान, सभोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, आर्द्रता, हवेचा वेग, कपडे आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता या सहा घटकांवरून बहुसंख्य माणसांना काय वाटेल याचा अंदाज हे प्रारूप देते. सर्वसाधारण भिंतीवरील संवेदक या सहांपैकी एक किंवा दोनच घटक मोजतो. उरलेले गृहीत धरले जातात.

गृहीतांची किंमत कोण मोजते, हे २०१५ मध्ये बोरिस किंगमा आणि व्हाउटर व्हॅन मार्केन लिक्टेनबेल्ट यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे प्रमाणित मूल्य एका सरासरी पुरुषावरून घेतले गेले होते आणि स्त्रियांच्या बाबतीत ते ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकते, असे त्यांनी मांडले. थंड कार्यालयात खांद्यावर शाल किंवा ओढणी लपेटून काम करणाऱ्या स्त्रीच्या अस्वस्थतेमागे असे एक जुने गृहीतक उभे असते. संवेदक जाल कितीही दाट विणले तरी ते या गृहीतकाला प्रश्न विचारीत नाही; उलट ते अधिक काटेकोरपणे अमलात आणते.

भारतातील वस्तुस्थिती आणखी वेगळी आहे. अहमदाबाद येथील सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच हवामान विभागांतील पाच शहरांतून कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे ६३३० प्रतिसाद गोळा करण्यात आले. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या कार्यालयांत सुखावह वाटणारे तापमान बाहेरील हवामानानुसार १९.६ ते २८.५ अंश सेल्सिअसपर्यंत बदलते, असे त्यात आढळले. म्हणजे माणूस ऋतूप्रमाणे स्वतःला बदलतो, विशेषतः पंखा आणि खिडकी त्याच्या हातात असेल तेव्हा. हे निष्कर्ष लक्षात घेता, वर्षभर एकाच अंशावर इमारत धरून ठेवण्यासाठी उभारलेले नियंत्रण कितीही अचूक असले तरी ते चुकीच्या उद्दिष्टाची अचूक पूर्तता ठरते.

७. उपस्थितीची नोंद की पाळत? :
उपस्थिती मोजणारा संवेदक आणि हजेरी घेणारा संवेदक यांत यंत्राच्या दृष्टीने फरक नाही. फरक असतो तो नोंद कोणाकडे जाते व किती काळ राहते यात. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या 'द डेली टेलिग्राफ' या दैनिकाच्या कार्यालयातील पत्रकारांना आपापल्या टेबलाखाली छोट्या पेट्या बसविलेल्या आढळल्या. टेबलाशी कोणी बसले आहे काय, हे त्या हालचाल व उष्णतेवरून टिपत होत्या. कमी वापराच्या वेळी प्रकाश, ऊब व थंडाव्यावर होणारा खर्च वाचविण्याचे नियोजन, असे कारण व्यवस्थापनाने दिले. पत्रकारांनी व त्यांच्या संघटनेने तीव्र आक्षेप घेतल्यावर त्या पेट्या लगेच काढून घेण्यात आल्या.

या घटनेतील व्यवस्थापनाचा हेतू प्रामाणिक होता असे मानले तरी तिचे महत्त्व कमी होत नाही. न विचारता बसविलेल्या साधनाने ऊर्जाबचतीचा सर्व युक्तिवाद एका दिवसात निकालात काढला. तांत्रिक लेखनात अशा प्रसंगांना 'वापरकर्त्यांचा विरोध' असे नाव देऊन शेवटच्या परिच्छेदात जागा दिली जाते. वास्तविक तो मूळ रचनेचाच प्रश्न आहे. खोलीचे वातानुकूलन कमी करण्यासाठी खोली रिकामी आहे एवढे कळणे पुरेसे असते. कोणता कर्मचारी किती वेळ जागेवर नव्हता हे कळण्याची गरज नसते. नोंद खोलीपुरती ठेवायची, काही मिनिटांत पुसायची आणि आस्थापना विभागाला उपलब्ध करायची नाही, हे निर्णय संवेदक खरेदी करण्यापूर्वीच घेता येतात.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. परंतु या अधिनियमात नोकरीच्या प्रयोजनासाठी विदेचा वापर संमतीविना करण्यास वाव ठेवलेला आहे. त्यामुळे कार्यालयातील कर्मचाऱ्याला कायद्याचा आधार येथे मर्यादितच राहतो, आणि संस्थेच्या स्वतःच्या विवेकाची जबाबदारी वाढते.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात :
परदेशी संशोधनातील 'तापविणे व थंड करणे' या जोडीपैकी महाराष्ट्रातील कार्यालयांना प्रामुख्याने दुसऱ्याच अर्ध्याशी कर्तव्य आहे. त्यामुळे थंड हवा पुन्हा तापविण्यातील अपव्यय टाळून मिळालेली बचत येथे त्याच प्रमाणात मिळेल, असे मानता येत नाही. मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात तर तापमानाइतकाच दमटपणा त्रासदायक असतो. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी केलेली आधुनिक वातानुकूलनाची पहिली रचना कागदाला लागणारा दमटपणा आवरण्यासाठीच होती, हे येथे स्मरणीय आहे. केवळ तापमान पाहून थंडावा कमी करणारे नियंत्रण पावसाळ्यात खोली दमट करून सोडील. येथील संवेदकाला आर्द्रतेची जाण असणे अपरिहार्य आहे.

दुसरे असे की, येथील अनेक शासकीय कार्यालये, बँकांच्या शाखा आणि महाविद्यालये यांत मध्यवर्ती यंत्रणा नसून सुटे एसी असतात. त्यांचे नियंत्रण रिमोटने होते, आणि रिमोट बहुधा साहेबांच्या खणात असतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची २०१७ ची आवृत्ती १०० किलोवॅट वा अधिक जोडभार किंवा १२० केव्हीए वा अधिक करारमागणी असलेल्या इमारतींपुरती होती. छोट्या इमारती तिच्या कक्षेबाहेरच राहिल्या. अशा ठिकाणी ऊर्जा दक्षता कार्यालयाने सांगितलेला साधा उपाय अधिक फलदायी ठरतो. तापमानाची नेमणूक १ अंशाने वाढविली की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे हे कार्यालय सांगते. २०२० पासून नव्या खोली-एसींत २४ अंश ही मूळ नेमणूक ठेवणे बंधनकारक करण्यात आले. २६ अंश आणि डोक्यावर फिरणारा पंखा हा मेळ कोणत्याही जालाविना आज अमलात येऊ शकतो.

याचा अर्थ संवेदक जाल येथे निरुपयोगी आहे असा नव्हे. मोठी रुग्णालये, माहिती तंत्रज्ञान संकुले, सभागृहे आणि ग्रंथालये येथे उपस्थिती दिवसभरात पुष्कळ बदलते व मध्यवर्ती यंत्रणाही असते. तेथे या तंत्राला खरे क्षेत्र आहे.

९. निष्कर्ष :
१) बचतीचे आकडे मांडताना ते अनुकरणातून आले की प्रत्यक्ष मापनातून, आणि कोणत्या आधाराशी तुलना करून काढले, हे आकड्यासोबतच सांगितले जावे.

२) संवेदक बसविण्यापूर्वी असलेल्या यंत्रणेतील नेमणुका, वेळापत्रके व गळती तपासली जावी. या तपासणीतून मिळणारी बचत संवेदकाच्या नावावर जमा केली जाऊ नये.

३) विभागवार डँपर, वेग बदलणारे पंखे यांसारखी कृतीची साधने नसतील तर संवेदकांची संख्या वाढवून उपयोग नाही.

४) बॅटरी, अंशांकन आणि प्रशिक्षित कर्मचारी यांचा वार्षिक खर्च प्रकल्पाच्या मूळ हिशेबात धरला जावा.

५) सुखावह तापमान ठरविताना स्त्रियांसह सर्व कर्मचाऱ्यांचे म्हणणे विचारात घेतले जावे आणि शक्य तेथे पंखा व खिडकी यांचे नियंत्रण माणसाच्या हाती राहावे.

६) उपस्थितीची नोंद कशासाठी, किती काळ व कोणासाठी, हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून त्यांच्या संमतीनेच संवेदक बसविले जावेत.

जॉन्सन यांच्या काळी तापमानाची माहिती मिळविणे कष्टाचे होते. आज ती स्वस्त झाली आहे आणि दिवसेंदिवस आणखी स्वस्त होईल. महाग राहिले आहे ते त्या माहितीवर योग्य कृती करणारी यंत्रणा, ती सांभाळणारा जाणकार माणूस आणि इमारतीत काम करणाऱ्यांचा विश्वास. शीतकरणाची मागणी ज्या वेगाने वाढते आहे तो पाहता, मर्यादित निधी प्रथम या तीन गोष्टींवर खर्च होणे हिताचे ठरेल. संवेदक जालाने त्यांच्या मागोमाग यावे. त्या क्रमाने आले तर ते निश्चितच उपकारक ठरेल.